काकांची भरती परत आणली: बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपीवर चुकून दुसरं काही सेव्ह झालं तर काय करायचं

आधी हे वाचा आणि मग बाकीचं. चुकून दुसऱ्या फाइलच्या नावाने सेव्ह केलंत, जुनी फाइल गेली असं वाटतंय, तर हात कीबोर्डवरून बाजूला घ्या, फ्लॉपी ड्राइव्हचा लाल दिवा विझू द्या आणि फ्लॉपी बाहेर काढा. परत सेव्ह करून बघू, कॉम्पॅक्ट करून बघू, असलं काही करू नका. फाइल बहुतेक वेळा तिथंच असते, ती जाते ती नंतरच्या धडपडीत.

हे मी खात्रीने सांगतो कारण आमच्या घरी हेच झालं. काका मालवणजवळच्या एका हायस्कूलात गणित शिकवायचे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पातून देशभरच्या शाळांना बीबीसी मायक्रो, म्हणजे ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे छोटे कॉम्प्युटर, मिळाले होते, तसला एक पुढे कुठल्यातरी शाळेतून निकालात निघाला तो काकांनी घेतला, आणि त्यावर त्यांनी भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिहिला. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना माहीतच आहे, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. काकांनी त्यात स्वतः खाडीवर बसून घेतलेल्या वेळांचे फरक घातले होते, महिन्यामहिन्याचे, सगळे डेटाच्या ओळींत. आई त्यावर बघून तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायला कधी जायचं ते ठरवायची. आणि मी त्याच फ्लॉपीवर आंब्याच्या हिशोबाचा प्रोग्राम वाढवत होतो, पेट्या, भाडं, हमाली, दलाली आणि शेवटी पट्टी किती येणार ते, आणि सेव्ह करताना पूर्ण ओळ टाइप करायचा कंटाळा केला, स्क्रीनवर वर सेव्ह लिहिलेली एक जुनी ओळ दिसत होती तिच्यावर कर्सर नेऊन कॉपीचं बटण दाबत गेलो आणि रिटर्न मारला. त्या ओळीत नाव ‘आंबा’ नव्हतं, ‘भरती’ होतं. काका मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "माजी भरती खंय गेली रे?"

ती परत मिळाली, पूर्ण मिळाली. कशी मिळाली ते नीट सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर असला खजिना असेल तर कामी येईल.

मशीन बरीच वर्षं बंद असेल तर एक गोष्ट आधीच बघा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेनच्या लाइनवर पिवळसर पारदर्शक आवरणाचे फिल्टर कपॅसिटर असतात. जुने झाले की त्या आवरणाला बारीक चिरा पडतात, आत कागद असतो तो दमट हवा शोषतो, आणि मग एक दिवस फट् होऊन घरभर घाण धूर. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत तर हे होणारच असं धरून चला. चिरा दिसल्या तर चालू करू नका, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून एक्स-टू प्रकारचे नवे बसवून घ्या, फार खर्च नाही. पॉवर सप्लाय स्वतः उघडत असाल तर वायर काढून बराच वेळ थांबा, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट शिल्लक राहतो आणि तो जिवावर बेततो. आणि काम इन्व्हर्टरवर करा, पावसाळ्यात तर नक्कीच, फ्लॉपीवर लिहिताना लाइट गेली तर एका दुखण्याची दोन होतात.

आता फ्लॉपी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती खाच उघडी असेल तर लिहिता येतं, चिकटपट्टीने बंद केली की लिहिता येत नाही. साडेतीन इंचीच्या बरोबर उलट. तर पहिलं काम, त्या खाचेवर काळी, उजेड आरपार जाणार नाही अशी टेप लावा, कारण बऱ्याच ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतात आणि पारदर्शक सेलोटेप लावलीत तर ड्राइव्हला ती दिसतच नाही. ही टेप लागली की मग तुमच्याकडून पुढे कितीही चुका झाल्या तरी मूळ फ्लॉपीला धक्का लागत नाही. मी हे रडकुंडीला आलेल्या अवस्थेत केलं, तुम्ही शांतपणे करा.

मग फ्लॉपी उजेडात धरून त्या लांबट खिडकीतून बघा. हलक्या हाताने मधलं भोक फिरवत पूर्ण चकती बघा. पांढुरके ठिपके, जाळी जाळी दिसली तर ती बुरशी. बुरशीवाली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते आणि हेड मग चकतीवरचा थर खरवडत जातो, आणि तो थर म्हणजेच तुमचा डेटा. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं, तंतू न सुटणाऱ्या कापडावर थोडंसं घ्या, खिडकीतून अलगद पुसा, थोडी फिरवा, परत पुसा, दोन्ही बाजू, आणि पूर्ण सुकू द्या. उन्हात नाही, पंख्याखाली. ड्राइव्हचं हेडसुद्धा कापसाच्या काडीने पुसून घ्या.

आता खरा विषय, फाइल गेली म्हणजे नेमकं काय झालं. हे कळलं की निम्मी भीती जाते.

एकॉर्न कंपनीच्या डीएफएसमध्ये, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या फ्लॉपीच्या व्यवस्थेत, एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका वर्तुळावर, १० सेक्टर, म्हणजे तुकडे, आणि एका सेक्टरात २५६ बाईट. ४० ट्रॅकची फ्लॉपी असेल तर एका बाजूला ४०० सेक्टर, म्हणजे १०० के, ८० ट्रॅकची असेल तर २०० के. पहिले दोन सेक्टर, ० आणि १, हा कॅटलॉग. त्यात जास्तीत जास्त ३१ फाइलींची नावं आणि प्रत्येकीची लांबी आणि सुरुवातीचा सेक्टर. बस. आजच्या कॉम्प्युटरसारखं एका फाइलचे शंभर तुकडे दहा ठिकाणी असं इथे नसतं, प्रत्येक फाइल सलग एकाच पट्ट्यात असते आणि ती नेहमी सेक्टरच्या सुरुवातीपासून सुरू होते. आमच्याकडे मळ्यात वाफे असतात ना तसं, एका वाफ्यात एक पीक.

फाइल डिलीट केली की डीएफएस फक्त कॅटलॉगमधली नोंद काढतं, सेक्टरातला मजकूर पुसत नाही. आणि त्याच नावाने परत सेव्ह केलं की आधी जुनी नोंद काढली जाते आणि मग नव्या फाइलला पुरेल अशी पहिली मोकळी जागा शोधली जाते. ही ओळ दोनदा वाचा कारण सगळं इथेच आहे. नवी फाइल जुनीपेक्षा मोठी असेल, आणि जुनीच्या मागे लगेच दुसरी फाइल बसलेली असेल, तर नवी त्या जागेत मावतच नाही, ती पुढे कुठेतरी जाऊन बसते आणि जुनी फाइल आपल्या जागी अगदी जशीच्या तशी पडून राहते, फक्त तिचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. नवी लहान असेल तर मात्र ती बहुतेक जुनीच्याच डोक्यावर बसते आणि सुरुवातीचा भाग खाते, तरी शेपूट उरतं. त्याचं नंतर सांगतो.

आणि म्हणूनच स्टार कॉम्पॅक्ट (स्टार म्हणजे कमांडच्या आधी टाइप करायचं * हे चिन्ह) ही कमांड या वेळी विष आहे. ती सगळ्या फाइली फ्लॉपीच्या सुरुवातीकडे सरकवून मधल्या मोकळ्या जागा भरून काढते, आणि तुमची फाइल नेमकी त्याच मोकळ्या जागेत असते.

आधी कॉपी करा. तुमच्याकडे पीसीची जुनी सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचा तो छोटा यूएसबी बोर्ड असेल तर सगळ्यात उत्तम, त्याने पूर्ण फ्लॉपीची इमेज काढा आणि मूळ फ्लॉपी परत पेटीत ठेवून द्या. एका बाजूच्या ४० ट्रॅकच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १०२४०० बाईटची होते आणि सेक्टर नंबरला २५६ ने गुणलं की त्या इमेजमधली जागा मिळते, हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाईट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तिथे सरळ उडी मारता येते. माझ्याकडे तेव्हा हे काही नव्हतं म्हणून मी मशीनवरच केलं, आणि खरं सांगू तर मशीनवर करण्यात समज जास्त येते.

मशीनवर कॉपी करायची तर स्टार बॅकअप वापरा, स्टार कॉपी नाही. स्टार कॉपी फाइल बघून फाइल उचलते, म्हणजे जिचं नाव नाही ती तिला दिसतच नाही. स्टार बॅकअप सेक्टरमागून सेक्टर पूर्ण फ्लॉपी उचलते, मोकळी जागासुद्धा. त्याआधी स्टार इनेबल द्यावं लागतं. एकच ड्राइव्ह असेल तर ती मधे मधे फ्लॉपी बदलायला सांगते, आणि इथेच माणूस गोंधळून उलटी फ्लॉपी घालतो, पण आपण खाचेवर टेप लावली आहे त्यामुळे मूळ फ्लॉपीवर लिहिलं जाणारच नाही, फक्त एरर येईल. बॅकअप करताना मेमरीतला प्रोग्राम जातो हे लक्षात ठेवा. यापुढचं सगळं काम त्या कॉपीवर, आणि कॉपीच्या खाचेवरही टेप लावा.

आता स्टार इन्फो द्या, सगळ्या फाइलींसाठी. प्रत्येक फाइलच्या ओळीत शेवटून दुसरा आकडा लांबी आणि अगदी शेवटचा सुरुवातीचा सेक्टर, दोन्ही हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबाने, ९ च्या पुढे ए ते एफ म्हणजे १० ते १५. यादी उलट्या क्रमाने असते, फ्लॉपीवर शेवटी बसलेली फाइल सगळ्यात वर. वही घ्या आणि खालून वर लिहीत जा, कुठली फाइल कुठल्या सेक्टरपासून कुठपर्यंत. लांबीवरून सेक्टर काढायची सोपी युक्ती अशी की हेक्समधल्या लांबीचे शेवटचे दोन आकडे झाका, उरलेला आकडा म्हणजे सेक्टर, आणि झाकलेले दोन शून्य नसतील तर त्यात एक मिळवा.

आमच्या फ्लॉपीवर सगळ्यात खाली मेनू नावाची फाइल होती, लांबी ०००२९०, सुरुवात ००२. म्हणजे दोन अधिक एक, तीन सेक्टर, २ ते ४. तिच्या वरची फाइल आंबा, सुरुवात ००ई, म्हणजे १४. मधले ५ ते १३ हे नऊ सेक्टर कुणाच्याच नावावर नाहीत. आणि यादीत सगळ्यात वर भरती, सुरुवात ०३ई, म्हणजे ६२. तिथे वहीवर पेन ठेवला आणि मी काकांना हाक मारली. कारण माझा वाढवलेला आंब्याचा प्रोग्राम सोळा सेक्टरांचा झाला होता, नऊ सेक्टरांच्या जागेत तो मावला नाही आणि शेवटी जाऊन बसला, म्हणजे त्या नऊ सेक्टरांना कुणी हात लावलेला नाही. काकांनी वही बघितली, बोटाने मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे थंयच आसा मा?"

जागा कळली, आता तिथला मजकूर वाचायचा. त्यासाठी मशीनच्या बेसिक भाषेत दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहावा लागतो, तो कसा ते सांगतो, आकडे सगळे साधे दशमान देतो म्हणजे टाइप करताना घोळ नाही.

मोड ७ ठेवा. हायमेम, म्हणजे बेसिकची मेमरी जिथे संपते तो पत्ता, १२२८८ करा, म्हणजे त्याच्या वरची जागा आपल्याला सेक्टर उतरवायला मोकळी मिळते, ३१७४४ पासून स्क्रीन सुरू होतो, म्हणजे मधे ७६ सेक्टर मावतात, पुरे झालं. मग डिम करून सोळा बाईटचा एक डबा घ्या. त्यात ऑसवर्ड १२७ ला, म्हणजे फ्लॉपीवरचा सेक्टर थेट वाचायच्या मशीनच्या सोयीला, लागणारी माहिती भरायची. शून्याव्या घरात ड्राइव्हचा नंबर, ०. एक ते चार या घरांत मेमरीतला पत्ता, तो उद्गारचिन्हाने एकदम चारही घरांत भरता येतो, सुरुवातीला १२२८८ आणि प्रत्येक सेक्टरला २५६ ने पुढे. पाचव्या घरात ३. सहाव्यात ८३, म्हणजे वाच. इथे फार जपा, ७५ घातलंत तर त्याचा अर्थ लिही असा होतो. सातव्यात ट्रॅक, आठव्यात सेक्टर, नवव्यात ३३, म्हणजे २५६ बाईटचा एक सेक्टर. दहावं घर रिकामं, तिथे उत्तर येतं. ट्रॅक म्हणजे सेक्टर नंबरला १० ने भागून आलेला पूर्णांक आणि सेक्टर म्हणजे बाकी, त्यामुळे आमचे ५ ते ९ ट्रॅक शून्यवर आणि १० ते १३ ट्रॅक एकवर. मग ए टक्के बरोबर १२७, एक्स टक्के डब्याचा पत्ता मॉड २५६, वाय टक्के तोच पत्ता डिव्ह २५६, आणि कॉल ६५५२१. फॉर लूपमध्ये ५ ते १३ फिरवा.

प्रत्येक कॉलनंतर दहावं घर बघा. शून्य असेल तर सेक्टर नीट वाचला. १६ आलं तर ड्राइव्ह तयार नाही, फ्लॉपी नीट बसली नाही. १४ आलं तर सेक्टर सापडला पण आतला डेटा धड वाचला गेला नाही, २४ आलं तर सेक्टर सापडलाच नाही. १४ आणि २४ ला लगेच हार मानू नका, हेड परत पुसा, फ्लॉपी काढून परत घाला, पाच-सहा वेळा प्रयत्न करा. आमचा सेक्टर ११ चौथ्यांदा वाचला गेला. पण ड्राइव्हमधून खरखर असा आवाज आला तर लगेच थांबा आणि फ्लॉपी परत पुसा.

वाचून झालं की मेमरीत काय आलं ते स्क्रीनवर छापा, ३२ ते १२६ मधला बाईट असेल तर अक्षर म्हणून, नाहीतर टिंब. छापायच्या आधी कंट्रोल आणि एन एकदम दाबलंत तर पानापानाने थांबेल, शिफ्ट दाबलं की पुढे जाईल.

बीबीसी बेसिकचा प्रोग्राम मेमरीत कसा दिसतो हे माहीत असलं की तो लगेच ओळखू येतो. प्रत्येक ओळ १३ या बाईटने सुरू होते, मग ओळीच्या नंबरचे दोन बाईट, मोठा आधी, मग त्या ओळीची एकूण लांबी, आणि मग मजकूर. प्रिंट, रेम असले शब्द एकेका बाईटचे होतात, प्रिंट २४१, रेम २४४, डेटा २२०. पण व्हेरिएबलची नावं, अवतरणातली वाक्यं, रेममधला मजकूर आणि आकडेसुद्धा अक्षरं म्हणून जसेच्या तसे राहतात. आणि सगळा प्रोग्राम संपतो तिथे १३ आणि लगेच २५५. ही रचना सोफी विल्सन यांची, बीबीसी बेसिक त्यांनी लिहिलं, आणि मशीन त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी मिळून डिझाइन केलं, १९८१ मध्ये बाजारात आलं. इतकी स्वच्छ आखणी आहे की चाळीस वर्षांनी मालवणात बसून माणूस ती नुसत्या वहीवर उलगडू शकतो, मला याचं फार कौतुक वाटतं.

आमच्या सेक्टर ५ चे पहिले बाईट असे होते: १३, ०, १०, १८, २४४, ३२, ६६, ७२, ६५, ८२, ८४, ७३. म्हणजे नवी ओळ, नंबर १०, लांबी १८, रेम, एक मोकळी जागा, आणि मग इंग्रजी अक्षरांत बी एच ए आर टी आय. भरती. लांबी १८ आहे तर सुरुवातीपासून अठरा पुढे गेल्यावर परत १३ हवा, आणि तो होता. पुढच्या पानावर टिंबांच्या गर्दीत टी बरोबर तिथी गुणिले ०.७५ असं चक्क वाचता आलं. काका खुर्ची ओढून बसले ते तेव्हा.

आता हे दुसऱ्या कोऱ्या, फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर उतरवायचं. पहिल्या फ्लॉपीचा दिवा पूर्ण विझू द्या मगच बदला, कारण ड्राइव्ह फिरत असताना डीएफएस मेमरीतला आधीचा कॅटलॉगच खरा धरून चालतं आणि मग नव्या फ्लॉपीवर जुनाच कॅटलॉग लिहून मोकळं होतं. बदलल्यावर एकदा स्टार कॅट देऊन नवी फ्लॉपी दिसतेय याची खात्री करा. मग स्टार सेव्ह, पुढे नवं नाव, सात अक्षरांच्या आत, मग ३०००, मग अधिकचं चिन्ह आणि ९००. हे आकडे हेक्समध्ये असतात, ३००० म्हणजे आपलं १२२८८, आणि हेक्समध्ये एक सेक्टर म्हणजे बरोबर १००, त्यामुळे नऊ सेक्टरांना ९००, पाच असतील तर ५००, हिशोब सोपा.

यानंतर बेसिकचं नेहमीचं लोड त्या नव्या नावाने, आणि लिस्ट. फाइलच्या शेवटी थोडा कचरा जास्त आला असला तरी बिघडत नाही, बेसिक १३-२५५ ला थांबतं. लिस्ट नीट दिसली की नेहमीचं सेव्ह करा, म्हणजे फाइल योग्य लांबीची होते. लोड केल्यावर बॅड प्रोग्राम असा मेसेज आला तर कुठेतरी साखळी तुटली आहे, म्हणजे एखादी ओळ सांगते त्या लांबीवर १३ नाही. ती जागा शोधा, बहुतेक एकच बाईट चुकीचा वाचला गेलेला असतो.

नवी फाइल लहान निघाली आणि जुनीच्या डोक्यावर बसली तर काय. समजा जुनी नऊ सेक्टरांची, ५ ते १३, आणि नवी पाचची, ५ ते ९. तर ५ ते ९ गेले, सेक्टर ९ नव्या फाइलने अर्धाच भरला असेल तरी तो पूर्ण गेला असंच धरा. १० ते १३ शाबूत आहेत. ते वरच्याच पद्धतीने मेमरीत आणा. आता सुरुवात ओळीच्या मधेच कुठेतरी होणार, म्हणून पहिला १३ शोधा, त्याच्या पुढचा तिसरा बाईट लांबी म्हणून घ्या, तेवढं पुढे जा, तिथे परत १३ आहे का बघा. सलग तीन-चार ओळी जुळल्या की ती खरी सुरुवात. जुळल्या नाहीत तर पुढचा १३ घ्या, कारण १३ हा आकडा लांबी म्हणूनही मधेच येऊ शकतो. खरी सुरुवात मिळाली की तिथून शेवटपर्यंतचे बाईट छोट्या लूपने १२२८८ पासून लागोपाठ उतरवा आणि सेव्ह करा, लोड केलं की ओळी दिसतील, पहिली २७० असेल, पण तिथून पुढे सगळं. आणि बहुतेकांचे डेटाचे आकडे, प्रोसीजर, हे सगळं प्रोग्रामच्या शेवटीच असतं. सुरुवातीचा भाग डोक्यातून परत लिहिता येतो, वर्षभर खाडीवर बसून घेतलेले आकडे परत लिहिता येत नाहीत, त्यामुळे अर्धं मिळणार म्हणून सोडून देऊ नका.

फाइल फ्लॉपीवर नाही, मेमरीतच गेली असेल, म्हणजे न्यू दिलं किंवा चुकून ब्रेक दाबलं, तर ओल्ड ही कमांड द्या, प्रोग्राम परत येतो. एक बारीक गोष्ट, न्यू दिल्यावर बेसिक पहिल्या ओळीच्या नंबरचा मोठा बाईट २५५ करतं आणि ओल्ड तो शून्य करतं. त्यामुळे तुमची पहिली ओळ १००० असेल तर ती २३२ होऊन येईल. घाबरू नका, बाकी सगळं ठीक असतं, रीनंबर करा. पण न्यूनंतर नवीन ओळी टाइप केल्या असतील, किंवा छोटा प्रोग्राम लोड केला असेल, तर ओल्डने काम होत नाही. अशा वेळी काहीही रन करू नका, आणि व्हेरिएबल वापरायचंच तर ए ते झेड एकेक अक्षर पुढे टक्क्याचं चिन्ह लावून, तेवढीच प्रोग्रामच्या जागेबाहेर असतात, बाकीची सगळी प्रोग्रामच्या शेपटाला लागून साठतात आणि तिथेच तुमचा जुना मजकूर आहे. मोड बदलू नका. दुसरी फ्लॉपी घाला आणि स्टार सेव्ह, नाव, १९००, अधिक ६३०० असं देऊन मोड ७ मधली पूर्ण मोकळी मेमरी एकदम उतरवून घ्या, ती २५ के च्या जवळपास होते. मग निवांत शेपूट शोधा, वर सांगितलं तसंच.

कॅसेटवाल्यांचं जरा कठीण आहे. टेपवर नवं रेकॉर्ड झालं तिथलं जुनं खरंच पुसलं जातं. पण नवा प्रोग्राम लहान असेल तर त्याच्या पुढे जुन्याचे ब्लॉक शिल्लक असतात, २५६ बाईटचा एकेक, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि नंबर. कॅसेटची लहान टॅब मोडा, टेप लॅपटॉपवर ऑडिओ म्हणून पूर्ण रेकॉर्ड करून घ्या, आणि बारीक आवाजाने नाही, फाटणार नाही पण दमदार येईल इतक्या लेव्हलने. त्यावरून ब्लॉक सोडवणारी सॉफ्टवेअरं मिळतात. टेप पुन्हा पुन्हा वाजवू नका.

परत आलेल्या फाइलला लगेच कुलूप लावा. स्टार ॲक्सेस, फाइलचं नाव, आणि एल. मग त्या नावावर कुणी सेव्ह करायला गेलं की मशीन लॉक्ड म्हणून नकार देतं. हे आधी केलेलं असतं तर ही रात्र आलीच नसती. दोन फ्लॉप्यांवर कॉपी ठेवा आणि जमेल तेव्हा इमेज काढून पेनड्राइव्हवर. फ्लॉप्या मे महिन्यातच, हवा कोरडी असताना, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत भरा, पाऊस सुरू झाल्यावर भरल्यात तर दमट हवाच आत कोंडली जाते. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतात. स्वयंपाकघराच्या बाजूला आणि स्पीकरजवळ डबा ठेवू नका.

आणि फाइल लोड झाली, लिस्ट दिसली, एवढ्यावर काम झालं असं समजू नका. एकेक आकडा ताडून बघा, कारण फ्लॉपी जुनी असली की एखादा बाईट बदललेला असू शकतो आणि प्रोग्राम तरीही चालतो, फक्त उत्तर चुकीचं देतो. आम्ही काकांची जुनी डायरी काढली आणि डेटाच्या ओळी वाचत गेलो, मी स्क्रीनवरून, ते डायरीतून, पूर्ण बारा महिने. मार्गशीर्षात एक आकडा वेगळा निघाला, तो बिघडलेला नव्हता, काकांनीच नंतर सुधारला होता आणि डायरीत लिहायचा राहिला होता, तो त्यांनी तेव्हा पेनाने लिहिला. दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्थी होती. प्रोग्रामने दुपारी तीनच्या पुढची वेळ दिली. काका अडीचलाच छत्री घेऊन खाडीवर गेले, जेटीच्या दगडावर पाणी कुठवर चढतं ते बघत बसले, आणि चारला घरी येऊन आईला म्हणाले की उद्या सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी आहे, जा तिसऱ्यांक.